जेट्टी आणि बोटींच्या खर्चाचा हिशेब कसा मागायचा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

आपल्या भागात नवीन जेट्टी मंजूर झाली, जुन्या लाँच जाऊन चकाचक बोटी येणार, वॉटर टॅक्सी, रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट), वॉटर मेट्रो अशी बातमी आली की पेपरात बोटीचा फोटो मोठा असतो आणि खाली कोटींमधला एक आकडा असतो. तो आकडा कसला आहे हे कळलं की अर्धं काम झालं. बहुतेक वेळा तो फक्त बांधकामाचा असतो, त्यात गाळ काढायचा खर्च नसतो, बोट चालवायचा नसतो, स्टेशनपासून जेट्टीपर्यंतच्या बसचा नसतो, आणि हे सगळं नंतर आपल्याच पैशातून वाढत जातं. हे आधी कसं ओळखायचं, कुठे विचारायचं, काय शब्दात विचारायचं ते एका ठिकाणी लिहितोय. इंजिनिअर असायची गरज नाही, थोडा वेळ आणि चिकाटी लागते.

आधी न्यूझीलंडचं उदाहरण सांगतो, लांबचं आहे पण या विषयात त्यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तिथे वेलिंग्टन आणि पिक्टन या दोन बंदरांमध्ये कुक सामुद्रधुनीतून सरकारी रेल्वे कंपनीच्या फेरी चालतात, देशाची दोन मुख्य बेटं त्यांनी जोडलेली आहेत. जहाजं जुनी झाली, नव्वदच्या दशकातली, म्हणून दोन मोठी नवीन घ्यायचं ठरलं. २०१८ साली सगळ्या प्रकल्पाचा अंदाज होता ७७.५ कोटी न्यूझीलंड डॉलर. कोरियातल्या शिपयार्डबरोबर जहाजांचा करार झाला ५५.१ कोटींना आणि तो ठरलेल्या किमतीचा होता. पण जहाजं मोठी म्हणून धक्के नवे हवेत, टर्मिनल नवी हवीत, भूकंपाचा धोका म्हणून पाया मजबूत हवा, असं करत करत २०२३ पर्यंत एकूण आकडा ३०० कोटींच्या आसपास गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये नवीन सरकारने जास्तीचे पैसे द्यायला नकार दिला, प्रकल्प बंद. म्हणजे जहाजांचा वाटा एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होता, बाकी सगळं किनाऱ्यावरचं. करार मोडला म्हणून शिपयार्डला भरपाई द्यावी लागली ती वेगळीच. मग २०२५ मध्ये चीनमधल्या शिपयार्डकडे पुन्हा दोन जहाजांची ऑर्डर दिली, ती २०२९ ला येणार आहेत, आणि या वेळी जुन्या धक्क्यांचा जेवढा वापर करता येईल तेवढा करायचा असं ठरवलंय.

ऑस्ट्रेलियात टास्मानियाचंही तसंच. फिनलंडमध्ये बांधलेलं नवीन जहाज २०२४ मध्ये ताब्यात आलं, पण डेव्हनपोर्टचा धक्का तयार नव्हता, मग ते नवंकोरं जहाज कित्येक महिने स्कॉटलंडच्या बंदरात उभं करून ठेवलं. धक्क्याचा अंदाज ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ४९ कोटींच्या आसपास गेला आणि तिथल्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खुद्द स्कॉटलंडमध्ये ग्लेन सॅनॉक्स नावाची फेरी अनेक वर्षं उशिराने आणि मूळ किमतीच्या कित्येक पट खर्चून २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली, तरी तिच्या नेहमीच्या आर्ड्रोसन बंदरात ती लागूच शकत नाही म्हणून दुसऱ्या बंदरातून सोडतात.

आपल्याकडे उलटं होतं, धक्का आधी येतो आणि बोट येतच नाही. सिडकोने नेरुळला १११ कोटींची जेट्टी बांधली, बांधून झाल्यावर नियमित बोटसेवेसाठी लोकांना ताटकळत बसावं लागलं. बेलापूरची जेट्टी ८.३७ कोटींची, केंद्र आणि राज्य अर्धे-अर्धे, तिथून १७ फेब्रुवारी २०२२ ला वॉटर टॅक्सी सुरू झाली, स्पीडबोटीचं भाडं ८०० ते १२०० रुपये आणि कॅटामरानचं (दोन सांगाड्यांची मोठी बोट) २९०. रोज कामाला जाणारा माणूस, ज्याचं लोकलचं तिकीट दोन आकडी आहे, तो यात कसा बसणार हा प्रश्न जेट्टी मंजूर करतानाच फाइलवर यायला हवा होता. प्रवासी मिळाले नाहीत याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, बोट, धक्का, पाण्याची खोली आणि रोजचा चालवण्याचा खर्च हे चार आकडे कायम एकत्र मागायचे. एकटा आकडा दिला तर तो स्वीकारायचा नाही.

आधी मालक शोधा

आपल्या खाडीत एवढ्या सरकारी संस्था आहेत की चुकीच्या दारात अर्ज टाकला तर महिने जातात. छोटी बंदरं, प्रवासी जेट्ट्या, बोटींचे परवाने हे साधारणपणे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, हे मंडळ १९९६ च्या कायद्याने झालंय. नवी मुंबईत काही जेट्ट्या सिडकोने बांधल्यात. भाऊचा धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. ठाणे बाजूला वसई खाडी आणि उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यातला, त्यामुळे तिथे केंद्राचं अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण येतं, आणि कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर या जेट्ट्यांचा विषय केंद्राच्या सागरमाला या बंदरविकास योजनेतून पुढे आलाय. जेट्टीपर्यंतचा रस्ता, लाइट, बस हे महापालिकेचं. एकाच जेट्टीत तीन संस्था असू शकतात हे लक्षात ठेवा, कारण पैसा वाढला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

साइटवर कामाचा बोर्ड असतो तो आधी नीट बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कामाचं पूर्ण नाव, ठेकेदार, वर्क ऑर्डरची तारीख, मुदत, रक्कम. बोर्ड नसेल तर तेही लिहून ठेवा. कामाचं नाव अगदी तसंच्या तसं हवं, कारण महाटेंडर्सच्या (राज्य सरकारच्या टेंडरच्या) साइटवर आणि शासन निर्णयांच्या साइटवर त्याच शब्दांनी सर्च करायचंय. टेंडरमध्ये अंदाजित रक्कम मिळेल, शासन निर्णयात प्रशासकीय मान्यतेची रक्कम आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली (बजेटमधल्या कोणत्या खात्यातून) खर्च आहे ते मिळेल. पुढे खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता घेतात, ऑफिसात त्याला सुप्रमा म्हणतात. एका जेट्टीची एकापेक्षा जास्त सुप्रमा दिसली तर थांबा आणि प्रत्येकीचं कारण वाचा. कधी कारण खरं असतं, पाइलिंग म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालताना खडक अपेक्षेपेक्षा खोल लागतो, स्टील महागतं. पण कधी सगळं "एक्स्ट्रा आयटम" म्हणून घुसवलेलं असतं, आणि मूळ अंदाजपत्रक करताना सर्व्हेच धड झाला नव्हता असं त्यातून कळतं.

पाण्याची खोली

या भागावर जास्त वेळ द्या कारण आपल्या खाडीत सगळं इथेच अडतं. ठाणे खाडी उथळ आहे, गाळाची आहे, वरच्या टोकाला उल्हासशी तिचा संबंध अगदी अरुंद आहे, त्यात पुलांचे खांब आणि भराव, त्यामुळे गाळ बसतच राहतो. आणि आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा, उधाणाच्या दिवसात चार मीटरच्याही वर जातो. सकाळी जिथे बोट आरामात लागते तिथे दुपारी सुकतीला नुसता चिखल.

हिशेब सोपा आहे. टाइड टेबल म्हणजे भरती-ओहोटीच्या तक्त्यातली पाण्याची उंची आणि चार्ट डेटमखालची खोली (चार्ट डेटम म्हणजे सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासची ठरवलेली पातळी, जिथून खोली मोजतात) यांची बेरीज करायची, त्यातून बोटीचा ड्राफ्ट म्हणजे पाण्याखालचा भाग वजा करायचा. समजा जेट्टीजवळ चार्ट डेटमखाली अर्धा मीटर खोली आहे, त्या तासाला भरतीचं पाणी १.२ मीटर आहे, एकूण १.७ मीटर. बोटीचा ड्राफ्ट दीड मीटर असेल तर तळाखाली उरलं वीस सेंटिमीटर, म्हणजे त्या वेळेत कुठलाही शहाणा तांडेल बोट आणणार नाही. आता दिवसातले किती तास अशी स्थिती असते ते टेबल घेऊन मोजा. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ हे ऑफिसचे तास महिन्यातले किती दिवस सुकतीत येतात ते बघा, कारण भरतीची वेळ रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका आठवड्यात चालणारं टाइमटेबल पुढच्या आठवड्यात चालत नाही. यावर उपाय म्हणजे ड्रेजिंग करून वाट खोल करणे. पण एकदा ड्रेजिंग केलं की झालं असं नसतं, गाळ परत येतो, म्हणजे तो दरवर्षीचा खर्च आहे. तो कोण करणार, किती, काढलेला गाळ कुठे टाकणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

जेट्टीची रचनाही याच्याशी बांधलेली आहे. नुसत्या पायऱ्यांची पक्की जेट्टी असेल तर ओहोटीला शेवाळ आलेल्या पायऱ्यांवरून उतरावं लागतं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, व्हीलचेअर, विसरा. तरंगतं पाँटून आणि वर-खाली होणारा गँगवे म्हणजे चढ-उताराचा पूल असेल तर बोट आणि चढण्याची जागा एका पातळीत राहते. पाँटून महाग पडतं आणि देखभाल लागते, पण माझ्या मते पाँटून नसलेली नवीन प्रवासी जेट्टी आता मंजूरच होऊ नये.

आणि कागदावर विश्वास ठेवायच्या आधी कोळीवाड्यात जाऊन बसा. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ठाण्यात चेंदणी, इथले जुने काका तुम्हाला कुठे वाळूचा बांध आहे, कुठे गेल्या दहा वर्षांत पाणी उतरलंय, कुठल्या वाऱ्याला बोट धक्क्यावर आपटते हे सर्व्हे रिपोर्टपेक्षा स्पष्ट सांगतात. त्यांचा दुसराही हक्क आहे. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे मासेमारी बुडते म्हणून मच्छीमार संस्था हायकोर्टात गेली आणि २०२१ मध्ये कोर्टाने त्यांना नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. तेव्हा जेट्टीच्या अंदाजपत्रकात मच्छीमारांच्या भरपाईची तरतूद आहे का ते विचारा, नसेल तर तो खर्च उद्या वर चढणारच आहे. कांदळवनाचंही तेच, सार्वजनिक कामासाठीही कांदळवन तोडायचं तर हायकोर्टाची परवानगी लागते, सीआरझेडची म्हणजे किनारपट्टी नियमांखालची मंजुरी लागते, ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. या परवानग्या मिळायच्या आधी वर्क ऑर्डर दिली असेल तर उशीर आणि भाववाढ आलीच समजा.

बोट जुनी म्हणजे किती जुनी

जुनी बोट बदलायची का दुरुस्त करायची हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि नुसत्या वयावर ठरवता येत नाही. न्यूझीलंडची कायटाकी नावाची फेरी २०२३ च्या जानेवारीत आठशेहून जास्त माणसं घेऊन कुक सामुद्रधुनीत बंद पडली आणि वाहत खडकांच्या दिशेने जायला लागली. कारण काय तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या लाइनमधला एक रबरी जोड फुटला, तो बनवून अठरा वर्षं झाली होती. म्हणजे सांगाड्याचं वय एक आणि सुट्या भागांचं वय वेगळं. म्हणून विचारायचं ते असं की शेवटचं ड्रायडॉक (बोट पाण्याबाहेर काढून तपासणी-दुरुस्ती) कधी झालं, इंजिन कधी बदललं, सर्व्हे सर्टिफिकेट कोणत्या तारखेपर्यंत आहे, गेल्या तीन वर्षांत किती फेऱ्या बिघाडामुळे रद्द झाल्या. खाडीतल्या बोटींची नोंदणी आणि सर्व्हे आता अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार होतो, आधीचा कायदा १९१७ चा होता.

आणि क्षमता. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा माणसं गेली. त्या बोटीला परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची होती, बोटीत शंभराहून जास्त लोक होते. त्यामुळे बोटीत चढताना क्षमतेचा बोर्ड, लाइफ जॅकेट किती आणि कुठे ठेवलीत हे बघायची सवय लावून घ्या, जॅकेट गाठोडं बांधून वर कोंबलेली असतील तर तिथल्या तिथे खलाशाला काढायला सांगा, लाजायचं काही कारण नाही. नवीन बोटींचं टेंडर असेल तर जॅकेट, लाइफराफ्ट, आग विझवायची सोय, व्हीएचएफ रेडिओ हे सगळं किमतीत धरलंय का ते बघा.

बॅटरीवरच्या बोटींबद्दल खूप विचारतात. केरळमध्ये वैक्कम-तवणकडवू मार्गावर आदित्य नावाची ७५ प्रवाशांची सोलर फेरी जानेवारी २०१७ पासून चालतेय, आणि कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ ला सुरू झाली, बोटी कोचीन शिपयार्डच्या, प्रकल्प साधारण ११३७ कोटींचा, ७८ बोटी आणि ३८ टर्मिनलची योजना, जर्मनीच्या बँकेचं कर्ज. मुंबई महानगराच्या वॉटर मेट्रोचा अभ्यासही कोची मेट्रोकडेच दिलाय. चांगली गोष्ट आहे, पण कोचीचं बॅकवॉटर शांत आहे, तिथे भरती-ओहोटीचा फरक एक मीटरच्या आसपास, आपल्याकडे चार. कोचीचा आकडा जसाच्या तसा ठाणे खाडीला लावलेला अहवाल दिसला तर तिथेच प्रश्न विचारा. चार्जिंगची सोय धक्क्यावरच करावी लागते, म्हणजे परत किनाऱ्याचा खर्च.

अर्ज कसा लिहायचा

माहितीचा अधिकार वापरायचा. राज्याच्या संस्थांसाठी राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल, मुंबई बंदर किंवा जलमार्ग प्राधिकरणासाठी केंद्राचं वेगळं पोर्टल. फी १० रुपये, राज्याच्या ऑफिसात कागदावर दिला तर कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. "का" असं विचारू नका, कागद मागा. मजकूर साधारण असा चालेल:

"(कामाचे पूर्ण नाव) या कामाबाबत खालील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) मूळ प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आणि सर्व सुधारित मान्यता. २) वर्क ऑर्डर, मुदतवाढीचे आदेश, एक्स्ट्रा आयटमची मंजुरी. ३) आजपर्यंत अदा केलेल्या बिलांचा तपशील व मेजरमेंट बुकच्या प्रती. ४) जलसर्वेक्षण अहवाल व जेट्टीजवळील चार्ट डेटमनुसार खोली. ५) वार्षिक गाळ काढणे व देखभालीचा अंदाजित खर्च. ६) अपेक्षित प्रवासी संख्येचा अहवाल. ७) बोटसेवा चालकाशी झालेला करार. तसेच कलम २(जे) नुसार प्रत्यक्ष कामाची व फाइलची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने मागायचा हक्क आहे. मेजरमेंट बुकला ऑफिसात एमबी म्हणतात, किती पाइल, किती खोल, किती काँक्रीट हे त्यात मोजमापासकट असतं आणि बिल त्यावरच निघतं. एमबीतली पाइलची संख्या आणि जेट्टीवर उभं राहून दिसणारी संख्या जुळते का एवढं बघायला कुणीही पुरेसं आहे.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. चुकीच्या ऑफिसला गेलं तर कलम ६(३) नुसार त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं असतं, "आमच्याशी संबंधित नाही" एवढं लिहून तुम्हाला परत पाठवता येत नाही. व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(डी) दाखवून करार नाकारला तर पहिल्या अपिलात लिहा की सार्वजनिक पैशाचं काम आहे, व्यापक जनहित आहे. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे (केंद्राच्या संस्थेसाठी केंद्रीय माहिती आयोगाकडे) ९० दिवसांत. आयोगाकडे वेळ लागतो हे खरं आहे, म्हणून त्यावरच अवलंबून राहू नका, महापालिकेत २०१८ च्या शासन निर्णयानुसार सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइली बघायला मिळायला हव्यात, आधी फोन करून जा, आणि तोच विषय आमदाराकडे अधिवेशनाच्या आधी लेखी द्या, विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) लागला की जे उत्तर तुम्हाला मिळत नाही ते सभागृहाच्या पटलावर येतं.

प्रवासी संख्येचा अहवाल हातात आला की तारीख बघा. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडतायत, म्हणजे त्याआधीचा कुठलाही अंदाज आता तसाच लागू होत नाही, काही प्रवासी पुलावर गेले असतील आणि विमानतळामुळे काही नवीन मिळतील. पावसाळ्यात सेवा बंद धरलीय का तेही बघा, वर्षातले तीन-चार महिने बोट उभी आणि पगार, विमा, कर्जाचा हप्ता चालू, हे भाड्याच्या हिशेबात दिसलंच पाहिजे. सरकार तूट भरून देणार असेल तर माझा त्याला विरोध नाही, रस्त्याला आणि बसला पैसे देतोच की, पण वर्षाला किती आणि किती वर्षं हे करारात आकड्यात लिहिलेलं हवं.

चालेल असं काय दिसतं त्याचं उदाहरण जवळच आहे, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो. तिथे दोन्ही टोकांना टर्मिनल झालं, मांडव्याला लाटा अडवायला ब्रेकवॉटर झालं, आणि मग २०२० मध्ये जहाज आलं, गाडीसकट माणूस तासाभरात पलीकडे. भाडं सगळ्यांना परवडतं असं मी म्हणणार नाही, पण क्रम बरोबर होता.

अर्ज कधी टाकायचा यालाही महत्त्व आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगला, पावसाळ्यात आलेला गाळ तेव्हा ताजा असतो, जेट्टीवर जाऊन सुकतीला फोटो काढता येतात, आणि पुढच्या वर्षाच्या बजेटची जुळवाजुळव ऑफिसात तेव्हाच सुरू होते. फोटोवर तारीख, वेळ आणि त्या वेळची टाइड टेबलमधली उंची लिहून ठेवा, सोसायटीतल्या दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या जेट्ट्या वाटून घ्या, आणि आलेलं प्रत्येक उत्तर स्कॅन करून एका ड्राइव्हमध्ये टाका, कारण पुढची सुप्रमा येईल तेव्हा आधीचा कागद तुमच्याकडेच सापडायला हवा.